मिरची सॉसचा पहिला खर्च

नमस्कार, श्रोतेहो. घरी केलेल्या मिरचीच्या सॉसचे पाहुण्यांनी कौतुक केले की तो बाटलीत भरून विकावा असे मनात येते, आणि बहुतेकांचा पहिला खर्च आकर्षक लेबलावर होतो. तो पीएच मीटरवर, म्हणजे पदार्थाचा आंबटपणा मोजणाऱ्या यंत्रावर व्हावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मिरची, लसूण आणि कांदा हे मुळात फारसे आंबट नसलेले पदार्थ आहेत. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत आणि हवाबंद बाटली त्यांना मानवते. मात्र पीएचचा आकडा जितका कमी, तितका पदार्थ अधिक आंबट; तो ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर ते वाढू शकत नाहीत. त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नसल्यामुळे येथे अनुभवी हातही फसू शकतो. म्हणून व्हिनेगर अंदाजाने न घालता तोलून घालावे, प्रत्येक घाण्यातील नमुना बारीक वाटून थंड झाल्यावर तपासावा आणि पीएच ४ च्या खालीच ठेवावा, म्हणजे मोजण्यात थोडी चूक झाली तरी धोका उरत नाही.

दुसरा प्रश्न हंगामाचा. ताज्या चवीच्या सॉसला ओली लाल मिरची लागते, आणि नंदुरबारच्या बाजारात ती हिवाळ्याच्या सुमारास येते. पुढे तीच पथाऱ्यांवर वाळत पडते. वर्षभर सॉस विकायचा असेल, तर ओली मिरची तेव्हाच घेऊन, देठ काढून, वाटून आणि मीठ लावून साठवावी लागते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १८६८ पासून बनणाऱ्या टबॅस्को सॉससाठीही मिठात कालवलेली मिरची ओकच्या पिंपांत दीर्घकाळ मुरवतात. (वाटताना हातमोजे अवश्य घालावेत, मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने धुतला जात नाही.)

एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी किंवा परवाना घेतल्याशिवाय एकही बाटली विकू नये. त्याचा १४ अंकी क्रमांक, घटकांची यादी, निव्वळ वजन आणि तारखा लेबलावर स्पष्ट असाव्यात.

प्रत्येक घाण्यातील दोन बाटल्या तारीख आणि पीएच लिहून, वापराची मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवाव्यात, म्हणजे एखाद्या ग्राहकाची तक्रार आल्यास त्याच घाण्याची बाटली उघडून तपासता येईल.