ओझार्कच्या नदीतले दोन मासे

नमस्कार मंडळी. आधी एक शब्द सोडवून घेते. निमंत्रणात 'फ्लोट फिशिंग' वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की गळाच्या दोरीला जे तरंगतं बांधतात त्याबद्दल बोलणार का? माझे वडील कृष्णेवर मासे धरायचे तेव्हा दोरीला मोरपिसाची दांडी बांधायचे. ती बुडाली की हिसका. इथे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात 'फ्लोट' म्हणजे होडी तरंगते आणि तिच्यात बसलेली माणसं तरंगतात. सकाळी एका पुलाशी होडी पाण्यात लोटायची, दिवसभर धारेबरोबर वाहत जायचं, वाटेत गळ टाकत राहायचं आणि संध्याकाळी आठ-दहा मैल खाली दुसऱ्या पुलाशी काठाला लागायचं. माघारी वर येणं नाही. एखादी चांगली जागा हातची गेली की ती त्या दिवसापुरती गेली.

मला हे सगळं आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी शिकवलं. मी त्यांना काका म्हणायची, त्यांनाही ते आवडायचं. पहिली दोन वर्षं त्यांनी माझ्या हाती गळ दिलाच नाही, वल्हं दिलं. कनूत, म्हणजे अरुंद हलक्या होडीत, मागे बसायचं आणि पुढच्याला नेम साधता येईल अशी होडी तिरकी धरायची, यातच निम्मं कसब आहे, असं त्यांचं म्हणणं. मध्येच ते सांगायचे, मनगटापर्यंत हात घाल पाण्यात. मी घालायची. मग विचारायचे, 'आता इथे कोणता मासा?' बोटं बधिर होतील इतकं गार पाणी असेल तर ट्राउट. पोहायला बरं वाटेल इतपत असेल तर स्मॉलमाउथ बास. आज मला जे काही सांगायचंय ते त्यांच्या या एका प्रश्नातून निघालेलं आहे.

हा गारवा येतो कुठून? ओझार्क म्हणजे मुख्यतः दक्षिण मिझुरी, उत्तर आर्कान्सा आणि ओक्लाहोमाचा ईशान्य कोपरा. जुनं, झिजलेलं, दऱ्याखोऱ्यांचं पठार. खडक चुनखडीचा आणि डोलोमाइटचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि हा खडक विरघळवत खाली उतरतं. त्यामुळे जमिनीच्या पोटात गुहा आणि भुयारं झालेली आहेत. काही ओढे वाहता वाहता खडीत गडप होतात आणि तेच पाणी कित्येक मैलांवर झरा होऊन वर येतं. झरा म्हटल्यावर गावाकडची दगडी कुंडी डोळ्यांसमोर आणू नका. व्हॅन ब्युरेन गावाजवळचा बिग स्प्रिंग करंट नदीला दिवसाला सरासरी १०० कोटी लिटरहून जास्त पाणी देतो. दूरच्या ओढ्यांमध्ये रंग सोडून पाहिल्यावर कळलं, की यातलं काही पाणी शेजारच्या इलेव्हन पॉइंट नदीच्या खोऱ्यातून डोंगराखालून येतं. इतका काळ जमिनीखाली राहिल्यामुळे झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण १४ अंश सेल्सियसवर असतं. जानेवारीत त्याच्यावर वाफ दिसते आणि जुलैत त्यात पाय ठेववत नाही.

म्हणून एकाच नदीत दोन नद्या असतात. करंट नदी मॉन्टॉकच्या झऱ्यांपाशी जन्मते. तिथून सीडर ग्रोव्हपर्यंत आणि थोडं खालीही ट्राउटचं पाणी आहे. मग ऊन लागत जातं, पात्र रुंदावतं, आणि अ‍ॅकर्सच्या खाली गेलात की हळूहळू स्मॉलमाउथचा मुलूख सुरू होतो. पाटी कुठेच नसते. हातालाच समजतं.

यातला ट्राउट इथला नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. रेनबो ट्राउट कॅलिफोर्नियाच्या मॅक्लाउड नदीचा. १८८० च्या दशकात त्याची पिल्लं इथल्या ओढ्यांत सोडली. क्रेन क्रीक नावाच्या लहानशा ओढ्यात त्यांचे वंशज अजून आपली आपण अंडी घालून टिकून आहेत, वीतभर लांबीचे आणि अंगावर लाल पट्टा. ब्राऊन ट्राउट तर युरोपातून आलेला. बाकी बहुतेक ट्राउट मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले असतात. मिझुरीत चार ट्राउट पार्क आहेत आणि १ मार्चला हंगाम उघडतो तेव्हा पहाटे तिथे जत्रा भरते. एकदा जाऊन या, मुलांना मजा वाटते. मी त्यावर फार बोलणार नाही.

स्मॉलमाउथ मात्र या नद्यांचाच. त्याच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, मायक्रोप्टेरस डोलोमिउ. मायक्रोप्टेरस म्हणजे लहान पंखाचा. माशाचा पाठीवरचा पर वास्तविक चांगला मोठा असतो, पण लासेपेदच्या टेबलावर आलेल्या नमुन्याचा पर फाटलेला होता. तुटलेला तुकडा त्याला वेगळा छोटा पर वाटला आणि एका जखमेवरून सगळ्या कुळाला नाव पडलं. डोलोमिउ हे त्याच्या भूगर्भशास्त्रज्ञ मित्राचं नाव, जो आदल्याच वर्षी वारला होता. याच डोलोमिउच्या नावावरून दहा वर्षं आधी एका खडकाला डोलोमाइट म्हणायला लागले होते. म्हणजे ओझार्कच्या नदीत खाली खडक डोलोमिउचा आणि त्याच्या आडोशाला उभा मासाही डोलोमिउचा. त्या माणसाने यातली एकही नदी पाहिली नव्हती.

आता गळाकडे येऊ. ओझार्कची नदी म्हणजे खळाळ, मग डोह, मग पुन्हा खळाळ, अशी माळ. वळणाच्या आतल्या अंगाला खडीचा लांब पट्टा पडलेला, बाहेरच्या अंगाला कडा किंवा उन्मळून पडलेलं झाड. नवशिका माणूस डोहाच्या मध्यावर गळ टाकतो, कारण तिथे पाणी खोल दिसतं. स्मॉलमाउथ तिथे क्वचित असतो. तो उभा राहतो सांध्यावर. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे घासून जातं, तिथे पाण्यावर एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेच्या संथ बाजूला, धोंड्यामागे किंवा बुडालेल्या मुळांच्या सावलीत तो असतो. कमीत कमी कष्टात समोरून खाणं यावं, एवढाच त्याचा हिशेब. ही रेघ बघायला शिकलात की निम्मे मासे तुम्हाला दिसलेच म्हणा.

त्याचं आवडतं खाणं क्रेफिश. गोड्या पाण्यातली बोटभर शेवंडच ती. दगड उलटला की दिसते आणि घाबरली की शेपटी आत ओढून उलटी पळते. म्हणून आमिष तळाशी पडू द्यायचं, मग जरा उचलायचं, पुन्हा पडू द्यायचं. टुणकन एक उडी आणि थांबा. मऊ रबराची पोकळ नळी, तिच्या पोटात शिशाचं डोकं असलेली गरी आणि खालच्या बाजूला झालर. हिला इथे ट्यूब म्हणतात. हिरवट-तपकिरी रंगाची एवढी एक वस्तू पेटीत असली तरी दिवस निघतो. मासा लागतो तो बहुतेकदा आमिष थांबलेलं असताना. हाताला बारीक टक् लागते, किंवा तेही नाही, दोरी नुसतीच आडवी चालायला लागते. आणि मग पाणी फुटतं. हा मासा अंगाच्या मानाने इतका जोर करतो, की पहिल्या खेपेला तुम्ही गळाला दुप्पट मोठा मासा लागलाय असं समजाल. हात ओले करून, खालच्या जबड्यात अंगठा घालून धरा. डोळा लालबुंद, अंगावर पितळी पट्टे. पाहा, आणि सोडा.

सोडा असं मी का म्हणते? ओझार्कच्या ओढ्यात बारा इंचांचा स्मॉलमाउथ चार-पाच वर्षांचा असतो. पंधरा इंचांचा सात-आठ वर्षांचा. एका रात्रीच्या कालवणासाठी ही फार मोठी किंमत आहे. शिवाय एप्रिल-मेमध्ये पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की नर खडीत शेपटीने वाटी कोरतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण एकटा नर करतो. जवळ आलेल्या कशावरही तो झडप घालतो, भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. त्या दिवसांत त्याला गळाला लावणं सोपं असतं, आणि त्याला तिथून उचललं की काही मिनिटांत बाकीचे मासे घरटं फस्त करतात. म्हणूनच इथल्या बहुतेक ओढ्यांत मार्चपासून मेच्या चौथ्या शनिवारपर्यंत तो ठेवून घ्यायला बंदी आहे. मी त्या काळात घरट्याजवळ गळच टाकत नाही. हा कायदा नाही, माझं मत आहे, आणि तुमचंही व्हावं अशी इच्छा आहे.

ट्राउटचं तंत्र बरोबर उलटं. आमिष पाण्याच्याच वेगाने गेलं पाहिजे. दोरीने जराशी ओढ दिली तरी तो तोंड लावत नाही. काठावर उभं राहून हे साधणं कठीण, पण वाहत्या होडीतून होडी, दोरी आणि आमिष एकाच चालीने जातात. काका म्हणायचे, ट्राउटला होडी पकडते, माणूस फक्त बसून असतो.

या तरंगण्याचा धंदा शंभरएक वर्षांपूर्वी जेम्स आणि व्हाइट नदीवर उभा राहिला. गॅलिना गावी होड्या पाण्यात सोडायच्या आणि नदीच्या वळणावळणांनी सव्वाशे मैल वाहत ब्रॅन्सनला उतरायचं. पाच दिवस लागायचे. आगगाडीने तेच अंतर जेमतेम वीस-पंचवीस मैलांचं, म्हणून रिकाम्या होड्या गाडीत घालून परत आणायच्या. होड्या लांबट, सपाट बुडाच्या, लाकडी. जॉनबोट म्हणतात त्या. गॅलिनाचे चार्ली बार्न्स त्या बांधायचे. तीसच्या दशकात ब्रॅन्सनच्या जिम ओवेनने हा व्यवसाय देशभर नावारूपाला आणला. सामानाची होडी पुढे जायची, खडीच्या पट्ट्यावर तंबू ठोकून चूल पेटवायची, आणि मागून येणाऱ्या पाहुण्यांना तिन्हीसांजेला कॉफीचा वास लागायचा.

मग धरणं आली. १९४४ साली नॉरफोर्क, १९५१ साली बुल शोल्स, १९५८ साली टेबल रॉक. गॅलिना-ब्रॅन्सनची वाट टेबल रॉकच्या पाण्याखाली गेली. भिंतीच्या खाली जे झालं ते तितकंसं डोळ्यांत येत नाही. वीज निर्माण करताना सोडलेलं पाणी तलावाच्या तळातून येतं, बर्फासारखं गार. मैलोन् मैल स्मॉलमाउथला राहता येईना. त्याची भरपाई म्हणून सरकारने नॉरफोर्कला मत्स्यबीज केंद्र काढलं आणि व्हाइट नदीत ट्राउट सोडले. ते असे वाढले, की आज जगभरातून माणसं तिथे येतात. याच प्रकारे ग्रीर्स फेरी धरणाखाली गार झालेल्या लिटल रेड नदीत १९९२ साली ४० पौंड ४ औंसांचा ब्राऊन ट्राउट मिळाला. त्या वेळचा तो जागतिक विक्रम.

मी या धरणांखाली गळ टाकलेला आहे. मासे भरपूर, गंमतही खूप. पण टर्बाइन सुरू झाल्या की पाणी बघता बघता चढतं, आणि नदीची वेळ ऋतूवर न ठरता विजेच्या मागणीवर ठरते. तिथे माझं मन लागत नाही. त्या ट्राउटचा यात काहीच दोष नाही, पण त्याच्या जागी कोण होता हे मला विसरता येत नाही.

सेंट लुईसकरांनो, आपल्या मेरामेक नदीवरही असंच धरण होणार होतं. काम सुरूही झालं होतं. १९७८ साली लोकांचं मत घेतलं, बहुसंख्यांनी नको म्हटलं, आणि १९८१ मध्ये तो प्रकल्प कायद्याने रद्द झाला. त्याच मेरामेकवर १९५४ साली मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने एल्डर विरुद्ध डेलकूर या खटल्यात निकाल दिला, की जिथे कनू चालते ती नदी म्हणजे लोकांची वाट. काठची जमीन खासगी असली तरी पाण्यातून वाहत जाणं, पात्रात उतरून चालणं, मासे धरणं आणि पाण्यात झाड आडवं पडलेलं असेल तर होडी उचलून पलीकडे नेणं हा सगळ्यांचा हक्क. आपण निर्धास्तपणे वाहत जातो ते या निकालामुळे. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र कित्येक मैल दूर खत वाहून नेणारी एक पाइपलाइन फुटली. खत कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुरलं आणि जमिनीखालून मेरामेक स्प्रिंगमध्ये निघालं. पाण्यातला प्राणवायू संपला आणि ट्राउट पार्कमधले हजारो मासे मेले. या मुलखात जमिनीवर सांडलेलं काहीच जमिनीवर राहत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की मुलांना घेऊन पहिल्यांदा कुठे जावं? जॅक्स फोर्क नदी, अ‍ॅली स्प्रिंगपासून एमिनन्स गावापर्यंत. सहा-सात मैल, लहान मुलांसह पाच-सहा तास धरा. जूनमध्ये जा. आदल्या दिवशी नदीची पातळी बघा, वर पाऊस झाला असेल तर जाऊ नका, आणि लाइफ जॅकेट अंगात असू दे, होडीच्या तळाशी नव्हे. निघण्याआधी लाल रंगाची जुनी गिरणी दाखवा, १८९४ सालची आहे. गिरणीमागून झऱ्याचं निळं पाणी वाहत येऊन नदीला मिळतं. त्या संगमावर होडी हळू करा आणि मुलांना होडीच्या दोन्ही बाजूंनी हात पाण्यात घालायला सांगा, एकाला डावीकडून, एकाला उजवीकडून. कुठे कोणता मासा ते त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत वल्हं मारू नका.