ट्यूटरनं वॉर्ड सोडू नये

(विदर्भातल्या नर्सिंग शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या सरांनो,

तुमच्यातल्या बऱ्याच जणी आज पहाटेची एसटी धरून आल्या आहेत. कोणी पांढरकवड्याहून, कोणी ब्रह्मपुरीहून, कोणी अहेरीच्याही पुढून. म्हणून थेट विषयाला हात घालते. नर्सिंग शिक्षकांसाठी कोणती साधनं आहेत, त्यांना आधार कसा मिळेल, यावर मला बोलायला सांगितलं आहे. साधनांबद्दल बोलेनच, पण माझं म्हणणं आधी सांगून टाकते. आपल्या शिक्षिकेचं सगळ्यांत मोठं साधन वॉर्ड आहे, आणि तेच तिच्या हातून सुटत चाललं आहे. ते सुटलं तर बाकी कितीही कार्यशाळा घ्या, कितीही पुस्तकं कपाटात आणून ठेवा, उपयोग होत नाही.

हे सुटतं कसं? मुलगी बी.एस्सी. नर्सिंग होते, थोडे दिवस स्टाफ म्हणून काम करते आणि तालुक्याच्या गावातल्या शाळेत ट्यूटर, म्हणजे शिकवणारी नर्स, म्हणून लागते. लागल्या लागल्या तिच्याकडे दोन-तीन विषय येतात, वसतिगृहाची जबाबदारी येते. मास्टर रोटेशन प्लॅन, युनिट प्लॅन, लेसन प्लॅन, हजेरीपट, मुलींची प्रोसिजर बुकं, सगळं तिच्याच टेबलावर. इन्स्पेक्शनची तारीख आली की महिनाभर नुसत्या फायली. क्लिनिकल पोस्टिंगला ती जाते, नाही असं नाही. पण जाऊन काय करते? मुलींना बेड वाटून देते, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते आणि केस स्टडी तपासते. पेशंटला तिचा हात लागत नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरही तिला पाहुणीसारखं वागवतात. तीन-चार वर्षं अशी गेली की तिलाच हात लावायची भीती वाटू लागते, आणि ही भीती ती कोणाजवळ बोलत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेनं दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं आहे. ते का, हे विसरून चालणार नाही. वर्गात एक शिक्षिका साठ मुलींनाही शिकवू शकते. दहाचा आकडा वॉर्डासाठी आहे. खाटेशी उभं राहून एका मुलीचा हात दुरुस्त करायचा तर दहापेक्षा जास्त मुली एका नजरेत मावत नाहीत. जिथे हे प्रमाण फक्त कागदावर जुळवलं जातं, तिथे पहिला बळी या खाटेजवळच्या शिकवण्याचा जातो. 2021 पासून बी.एस्सी.ला सेमिस्टर पद्धत आणि क्षमताधारित अभ्यासक्रम आला, सिम्युलेशन म्हणजे पुतळ्यांवरचा सराव आला, ऑस्की म्हणजे ठरावीक वेळेत एकेक कौशल्य करून दाखवायची परीक्षा आली. दिशा मला पटते. पण ज्या शिक्षिकेनं स्वतः कधी ऑस्की दिलेली नाही तिनं ती घ्यायची आहे, आणि कशी घ्यायची हे शेजारी बसून दाखवणारं तिला कोणी नाही.

आता एक उदाहरण नीट बघू. सर्पदंश. आपल्याकडे पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत साप चावलेले पेशंट येत राहतात. परदेशी पुस्तकात या विषयाला जेमतेम एक परिच्छेद असतो, आणि तोही आपल्या सापांबद्दल नसतो. आपले साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारांवरच चालते. घोणस चावली असेल तर रक्त गोठायचं थांबतं, आणि ते ओळखायला ग्रामीण रुग्णालयात एकच सोपी तपासणी आहे, वीस मिनिटांची. शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, काचेच्या कोरड्या नळीत घालायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून बघायचं. रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही.

मुलींना एवढं पाठ असतं. पण वॉर्डात काय घडतं? काचेची नळी सापडत नाही म्हणून कोणी प्लॅस्टिकची घेतं. काचेचा स्पर्श झाल्याशिवाय रक्ताला गोठायची पुरेशी चालना मिळत नाही, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये चांगलं रक्तही पातळच राहू शकतं. कोणी जुनी नळी साबणाच्या पाण्यानं धुऊन आणतं, तिथेही तोच घोळ. कोणी पाचव्या मिनिटाला नळी हलवून बघतं. तिन्ही वेळा उत्तर चुकू शकतं, आणि त्या उत्तरावर लसीच्या दहा-दहा कुप्या द्यायच्या की नाहीत हे ठरत असतं. एकदा रक्त गोठलं म्हणून सुटका नसते, तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. लस चालू करताना अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवावं लागतं, कारण रिअ‍ॅक्शन आली तर ट्रॉलीकडे धावायला वेळ नसतो. आणि मण्यार! जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, ना सूज, ना धड खूण. सकाळी पोट दुखतं म्हणून तो दवाखान्यात येतो, आणि बघता बघता पापण्या मिटू लागतात. पापण्या मिटताहेत हे पहिल्यांदा दिसतं ते नर्सला.

हे शिकवायचं तर ट्यूटरनं ती नळी स्वतः हातात धरलेली हवी. तुम्ही पावसाळ्यात एक आठवडा कॅज्युअल्टीत काढलात तर तुमच्याकडे जे शिकवण्याचं साहित्य तयार होईल ते कुठल्याही प्रकाशकाकडे मिळणार नाही. नाव-गाव काढून टाकलेली एक-एक पानाची केस लिहा : किती वाजता चावला, किती वाजता पोचला, मध्ये मांत्रिकाकडे किती वेळ गेला, नर्सनं आधी काय केलं. अशा वीस केसेस म्हणजे तुमच्या शाळेचं स्वतःचं पाठ्यपुस्तक.

फवारणीच्या विषबाधेचंही तेच. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. औषधानं भिजलेले कपडे आधी उतरवायचे, अंग साबणानं धुवायचं, आणि हे करताना स्वतःच्या हातात मोजे हवेत. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन चालू असताना फक्त डोळ्याची बाहुली बघत बसायचं नाही, छाती ऐकायची, घरघर कमी झाली का ते बघायचं. हेही खाटेशीच शिकवता येतं.

सिकलसेलबद्दल, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, मात्र थोडं थांबून बोलते, कारण इथे प्रश्न हाताच्या कौशल्यापुरता नाही. विदर्भात हा आजार घराघरांत आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि तपासण्या वाढल्या, ही चांगली गोष्ट. पण वॉर्डात अजून काय ऐकू येतं? "हा पोरगा नेहमीच येते, इंजेक्शनची सवय लागली त्याले." क्रायसिसमध्ये, म्हणजे आजार एकदम उसळतो तेव्हा, हाडं फुटल्यासारखी दुखतात, आणि वरून काहीच दिसत नाही. मुलगी वर्गात पेन स्केल शिकते आणि वॉर्डात सिनिअरकडून अविश्वास शिकते. कोणतं शिक्षण टिकतं, तुम्हीच सांगा. ट्यूटर त्या वेळी तिथे उभी असेल, तिनं त्या पोराला विचारलं "किती दुखते रे, दहापैकी?", त्याचा आकडा चार्टवर लिहिला, सलाईन आणि वेदनाशामक वेळेवर जातंय का पाहिलं, ताप आहे का हे तपासलं, तर मुली ते आयुष्यभर विसरत नाहीत.

अजून एक, जे कुठल्या लेसन प्लॅनमध्ये नसतं. तुमच्या वर्गातच सिकलसेलच्या वाहक (स्वतःला आजार नाही, पण पुढच्या पिढीत जाऊ शकतो अशा) मुली बसलेल्या असतात. एखादीचा भाऊ या आजारात गेलेला असतो. आई-वडील दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची पंचवीस टक्के शक्यता, हे तुम्ही फळ्यावर लिहिता तेव्हा ती आपल्याच घराचा हिशेब करत असते. म्हणून वर्गात तपासणीचे रिपोर्ट मोठ्यानं वाचू नका, आणि तास संपल्यावर पाच मिनिटं दाराशी थांबा. जिला बोलायचं असेल ती येते.

आता आधाराकडे येते. आपल्याकडे आधार म्हणजे नागपूरला तीन दिवसांची कार्यशाळा, असं समीकरण झालं आहे. कार्यशाळेला माझा विरोध नाही. पण सिरोंच्याच्या बाईला तिथे जायचं तर जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात, आणि परत आल्यावर ती पुन्हा एकटीच.

आपल्याच मातीतला दाखला देते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या, फारसं न शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झालं होतं. आपण या कामातलं प्रशिक्षण आठवतो. पण त्यात दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन त्या बाईची नोंदवही बघत होते, चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करत होते, हे विसरतो. शिकवून सोडून दिलं नव्हतं. आपल्या ट्यूटरला दर पंधरवड्याला भेटायला कोण जातं?

माझी सूचना अशी. प्राचार्यांनी टाइमटेबलमध्ये प्रत्येक शिक्षिकेला आठवड्याचा एक दिवस वॉर्डात द्यावा, विद्यार्थिनींशिवाय. त्या दिवशी ती इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली स्टाफ म्हणून काम करेल. त्या बदल्यात वॉर्डच्या अनुभवी सिस्टरला महिन्यातून एकदा वर्गात बोलवा, मानानं बोलवा, मानधन द्या. ती चौथ्या सेमिस्टरच्या मुलींना जे तासाभरात सांगेल ते आपल्या स्लाइडमध्ये नसतं. आणि नवीन लागलेल्या ट्यूटरला पहिलं वर्षभर जोडीला एक सिनिअर द्या. तिचे दोन तास मागे बसून ऐकायचे, नंतर चहा घेता घेता काय चांगलं झालं ते आधी सांगायचं. अहवाल लिहायचा नाही, नाहीतर तीही एक फाईल होईल.

छोट्या शाळांकडे सिम्युलेशन लॅब मोठी नसेल. पण नवजात बाळाला श्वास देण्याच्या सरावासाठीचा निओनॅटलीसारखा पुतळा आहे, त्यात कोमट पाणी भरलं की तो खऱ्या बाळासारखा जड आणि उबदार लागतो. जिल्ह्यातल्या तीन-चार शाळांनी मिळून असे दोन पुतळे घेतले आणि फिरवले तर काय बिघडतं? शाळा एकमेकींच्या स्पर्धक असतील, शिक्षिका नाहीत.

बाकी साधनं पटकन सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये नर्सिंग शिक्षकांच्या मूलभूत क्षमतांचा दस्तऐवज काढला, तो फुकट मिळतो. त्याच्याशी ताडून स्वतःचं वर्षाचं नियोजन करा. पबमेड सेंट्रल या संकेतस्थळावर वैद्यकीय संशोधनाचे पूर्ण लेख मोफत वाचता येतात. सर्पदंशाची आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शिका मोबाइलमध्ये ठेवा. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन 1908 पासून उभी आहे, तिच्या सभासद व्हा, कारण पगार थकतो किंवा अकरा महिन्यांची ऑर्डर हातात पडते तेव्हा एकटीनं कचेरीत उभं राहणं फार अवघड असतं. पीएच.डी. करायची इच्छा असेल तर परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय कन्सॉर्शियमची माहिती काढा, आणि विषय लांबचा घेऊ नका. तुमच्या ओपीडीच्या रांगेत तो उभा आहे.

इंग्रजीबद्दल कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. मराठी शाळेतून आलेली मुलगी "मॅडम, मले समजलं पण लिहिता येत नाही" म्हणते, तेव्हा काय करायचं? आधी तिला वऱ्हाडीत सांगू द्या. तिला समजलं आहे की नाही ते त्यातून कळेल. मग तेच चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहून घ्या. पेशंटशी तर ती वऱ्हाडीतच बोलणार आहे, भामरागडला माडियात आणि मेळघाटात कोरकूत बोलायला शिकली तर सोन्याहून पिवळं.

जेवणाच्या सुट्टीनंतर जिल्ह्याप्रमाणे बसा. प्रत्येक जिल्ह्यातल्या बायांनी एकमेकींचे नंबर घ्या, पुढच्या महिन्यात कोणाच्या वॉर्डात भेटायचं ते ठरवा आणि मगच गाडी पकडा. आता चिठ्ठ्यांमधले बाकीचे प्रश्न घेऊ.