कोशू: माशाबरोबर जमणारी जपानी वाइन

टोकियोहून रेल्वेने पश्चिमेला निघालं, की साधारण दीड तासात डोंगरांनी वेढलेलं एक मोठं खोरं लागतं. हा यामानाशी प्रांत. इथल्या कात्सुनुमाच्या उतारांवर जिकडे पाहावं तिकडे द्राक्षांचे मांडव आहेत. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे दृश्य परकं वाटणार नाही. नवल आहे ते घडांवरच्या कागदी टोप्यांचं. जूनमध्ये इथे पावसाची झड लागते, सप्टेंबरात वादळं येतात, आणि भिजलेला घड कुजतो. म्हणून बागेतली माणसं एकेका घडावर हाताने टोपी बसवत जातात.

या द्राक्षाचं नाव कोशू. जाड साल, फिकट जांभळट-गुलाबी रंग. वाइन मात्र पांढरी. दाइझेन्जी मंदिरातली आख्यायिका सांगते, की ७१८ साली ग्योकी नावाच्या भिक्षूला इथे हातात द्राक्षं घेतलेल्या भैषज्यगुरू बुद्धाचं दर्शन झालं. जनुकीय तपासणीतून कळलं ते असं: कोशूचं मूळ बरंचसं युरोपातल्या वाइनच्या द्राक्षांशी जुळतं, आणि त्यात पूर्व आशियातल्या रानद्राक्षाचा अंश मिसळलेला आहे.

वाइनची गोष्ट बरीच अलीकडची. १८७७ मध्ये कात्सुनुमाहून दोन तरुण, ताकानो मासानारी आणि त्सुचिया र्‍यूकेन, वाइन बनवायला शिकण्यासाठी फ्रान्सला गेले. पुढे गावात वाइन रुळली ती अगदी घरगुती होऊन. १.८ लिटरच्या, साकेच्या (तांदळाच्या जपानी मद्याच्या) बाटलीत ती भरायची आणि चहाच्या पेल्यातून प्यायची. बाहेरच्या जाणकारांना मात्र कोशू फिकी वाटे. सुगंध मंद, अंग हलकं. १९८०च्या दशकात मर्शियन या जपानी वाइन कंपनीने वाइन आंबल्यानंतर काही महिने यीस्टच्या गाळावरच ठेवायची फ्रेंच पद्धत कोशूसाठी वापरली. चवीला भरीवपणा आला. आणि ही पद्धत कंपनीने स्वतःपुरती ठेवली नाही, आसपासच्या छोट्या वाइनरींनाही शिकवली. माझ्या मते कोशूच्या वाटचालीतला हा सगळ्यांत मोलाचा निर्णय.

आता माशाकडे वळू. माशाबरोबर रेड वाइन घेतली, की कधीकधी तोंडात एकदम हिवस वास पसरतो. असं का होतं? २००९ मध्ये मर्शियनच्याच संशोधकांनी सुकवलेल्या स्कॅलप शिंपल्यांबरोबर अनेक वाइन चाखून पाहिल्या. दोष निघाला वाइनमधल्या लोहाचा. लोह जास्त, तर माशातल्या चरबीपासून तो वास तयार होतो. लोह बांधून ठेवलं, की वास कमी होतो. कोशूत लोह सहसा कमीच असतं. शिवाय ती ओकच्या पिंपाच्या वासाने जड झालेली नसते, आणि तिच्यात युझू लिंबासारखी स्वच्छ आंबट झाक असते. फिकी म्हणून जिला नावं ठेवली, ती नाजूक माशाची चव झाकत नाही.

म्हणून तिच्याबरोबर पांढऱ्या माशाचं साशिमी, म्हणजे कच्चे पातळ काप, घ्यावं, कच्चे कालव घ्यावेत, सॉसऐवजी नुसतं मीठ लावून तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या, खावा. कोळशावर भाजलेला आयू हा नदीतला मासाही छान लागतो. त्याच्या आतड्याचा किंचित कडूपणा आणि कोशूच्या सालीतला हलका तुरटपणा एकमेकांना धरून राहतात. यामानाशीला समुद्र नाही, तरी इथला मानाचा पदार्थ आहे सोया सॉसमध्ये शिजवलेला अबालोनी शिंपला. पूर्वी तो सुरुगाच्या किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून घोड्यावर यायचा. त्याची खारट-गोडसर, चिवट फोड आणि कोशूचा घोट, ही जोडी याच मातीतली. तिखट, मसालेदार रश्श्यापुढे मात्र ही वाइन हरवून जाते. तिथे तिला नेऊ नये.

घेताना लेबल वाचा. २०१८ पासून ‘जपानी वाइन’ हे शब्द फक्त जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांपासून तिथेच बनवलेल्या वाइनवर लिहिता येतात. त्याआधी आयात केलेल्या रसापासून केलेली वाइनही देशी म्हणून विकली जायची. बाटलीवर कोशू आणि यामानाशी ही दोन्ही नावं दिसली, तर ती थंड करा, पण बर्फासारखी गार नको. फार गारठली, की तिचा मंद सुगंध दबतो.