उणे ऐंशीतलं रक्त

(फ्रीझरचं दार उघडतं. पांढरी वाफ. जाड निळे हातमोजे.)

हे दार उघडं ठेवायचं नसतं, एक मिनिटसुद्धा जास्तच होतं. आम्हाला हा शॉट तीनदा घ्यायचा होता आणि लॅबच्या ताईंनी एकदाच दार उघडून दिलं, म्हणून जे मिळालं ते हे. आत उणे ८० अंश सेल्सिअस. हिमालयात वगैरे नाही, पुण्यातल्या एका लॅबच्या मागच्या खोलीत, बाहेर पस्तीस डिग्रीत रिक्षा चालल्यात आणि इथे दाराच्या रबरावर बर्फ.

आपली गोष्ट मात्र या फ्रीझरची नाही. ती अमेरिकेतल्या बोस्टनच्या फ्रीझरची आहे, आणि त्यात पडून राहिलेल्या रक्ताने हार्ट अटॅकची चाहूल आधीच देणारी एक टेस्ट कशी दिली त्याची आहे. तिथे आम्ही काही पोचलो नाही, त्यामुळे हाच फ्रीझर तिकडचा समजून बघा. काम तेच, थंडी तीच.

(जुनी टपाल पाकिटं, कॅलेंडरसारखं गोळ्यांचं पाकीट, जवळून.)

१९८२ साल. बोस्टनमधे हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगॅम अँड विमेन्स हॉस्पिटलचे लोक, चार्ल्स हेनेकेन्स त्यांचे प्रमुख, एक साधा प्रश्न घेऊन बसलेत की चांगल्या धडधाकट माणसाने दिवसाआड एक ॲस्पिरिन घेतली तर हार्ट अटॅक टळतो का. त्यासाठी हजारो माणसं हवीत, वर्षानुवर्षं हवीत, आणि प्रत्येकाला तपासायला दवाखान्यात बोलवायचं तर पैसे पुरणार नाहीत. मग त्यांनी डोकं चालवलं, डॉक्टरच घ्यायचे! डॉक्टर स्वतःच्या तब्येतीबद्दल नीट लिहून कळवतात, गोळी का घ्यायची ते त्यांना समजवावं लागत नाही, आणि सगळा कारभार पोस्टाने होतो. ४० ते ८४ वयाचे २२,०७१ पुरुष डॉक्टर. कोणालाही आधी हार्ट अटॅक नाही, पक्षाघात नाही, कॅन्सर नाही. एक दिवस ३२५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी, दुसऱ्या दिवशी बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरात असतो तो केशरी पदार्थ, किंवा त्याचीही खोटी कॅप्सूल. कोणाला कुठली, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही.

आता बघा, मला स्वतःला या सगळ्यात गोळीपेक्षा पुढची गोष्ट जास्त भारी वाटते.

(रबरी पट्टा, सुई, जांभळ्या टोपणाची नळी भरत जाते. मग सेंट्रीफ्यूज फिरतं.)

कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे ठरायच्या आधी त्यांनी या डॉक्टरांना पोस्टाने अजून एक खोकं पाठवलं. त्यात रक्त घ्यायच्या रिकाम्या नळ्या, ईडीटीए घातलेल्या, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून, आणि एक गारेगार पॅक. सूचना अशी की रक्त काढून घ्या, सेंट्रीफ्यूजमधे फिरवा, वरचा प्लाझ्मा वेगळा करा, गार पॅकसोबत एका रात्रीत पोचणाऱ्या कुरिअरने परत धाडा. हे सेंट्रीफ्यूज जवळून बघा, थांबल्यावर नळी बाहेर येते तेव्हा खाली गडद लाल थर आणि वर पिवळसर, पातळ केलेल्या तुपासारखा दिसतो तो प्लाझ्मा. तेवढाच लागतो.

१४,९१६ जणांनी पाठवला. म्हणजे सात हजारांवर डॉक्टरांनी नाहीच पाठवला, डॉक्टर झाले तरी माणसंच ती. आलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त नमुने १९८२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीनच महिन्यांत आले, म्हणजे कुरिअरवाल्यांची काय धांदल उडाली असेल विचार करा. आल्या आल्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० ला. आणि मग ते तिथे पडून राहिले.

कशासाठी? ठरलेलं काही नव्हतं असं नाही, पण आपण ज्या टेस्टबद्दल बोलणार आहोत ती त्या वेळी या कामासाठी कोणी करतच नव्हतं. प्रश्नच अजून तयार झाला नव्हता आणि उत्तर फ्रीझरमधे जाऊन बसलं होतं.

(फ्रीझरच्या बाहेर तापमानाचा लाल आकडा. जनरेटर.)

फ्रीझर चालू ठेवणं म्हणजे काय ते इथे पुण्यात कळलं. लाइट गेली की जनरेटर, जनरेटर बसला तर अलार्म, अलार्म रात्री दोन वाजता ज्याच्या मोबाइलवर वाजतो तो माणूस हा, कॅमेऱ्याकडे बघून लाजतोय तो. नमुना एकदा वितळला की परत गोठवूनही त्याचा भरवसा राहत नाही, कागदावर नाव राहतं पण आतला कितीतरी माल बिघडलेला असू शकतो. हे काम वर्षानुवर्षं करायचं, आणि शोधनिबंधात नाव दुसऱ्याचं.

ॲस्पिरिनचा निकाल तर लवकर लागला, १९८८ च्या जानेवारीत तो भाग थांबवला कारण फरक उघड दिसत होता, पहिला हार्ट अटॅक ४४ टक्के कमी. बीटा कॅरोटीन पुढे १९९५ पर्यंत चाललं आणि काहीही फायदा नाही.

(अॅनिमेशन: रक्तवाहिनीचा आडवा छेद, भिंतीत पिवळी गाठ.)

आता ही वाहिनी. आपल्या डोक्यात चित्र असतं की नळाच्या पाइपात क्षार साचतात तसं कोलेस्टेरॉल साचतं आणि एक दिवस पाइप बंद. पण हार्ट अटॅक आलेल्या कितीतरी लोकांचं कोलेस्टेरॉल ठीकठाकच असतं. मग ही गाठ जवळून बघा, ही नुसती चरबी नाहीये, यात पांढऱ्या पेशी घुसल्यात, चरबी खाऊन फुगल्यात, आतमधे सूज आहे, गळू ठणकतं ना तसलाच प्रकार फक्त दुखत नाही. वरची साय पातळ होत जाते. फाटली की रक्त त्यावर गोठतं. (इथे निवेदन थांबेल. अॅनिमेशन चालू. चार सेकंद.)

ही सूज बाहेरून दिसत नाही, पण तिची वर्दी लिव्हरला लागते. इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप जातो आणि लिव्हर एक प्रोटीन सोडतं, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, सीआरपी. ते सापडलं होतं १९३० मधे, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधे, टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना, न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात. न्यूमोनियाच्या जंतूमधे एक सी नावाचा पदार्थ असतो, त्याला हे चिकटतं म्हणून सी. आपल्याकडे कोविडमधे घराघरांत हे नाव पोचलं, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरायचे, सीआरपी शंभरच्या वर गेलंय काय करू.

पण धडधाकट माणसात ते एक-दोन मिलिग्रॅम असतं लिटरमागे. नेहमीच्या टेस्टला इतकं बारीक दिसायचंच नाही, ती जोरात ताप असलेल्यांसाठी बनलेली. बारीक मोजणारी पद्धत हवी होती, आणि ती आली तेव्हा फ्रीझर उघडला.

(रॅक बाहेर येतो. एकेक नळी उचलली जाते.)

बोस्टनचे पॉल रिडकर आणि मंडळी, आणि सोबत व्हरमॉंट विद्यापीठाचे रसेल ट्रेसी, मेरी कुशमन. त्यांनी ज्या ५४३ जणांना पुढच्या वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा शिरेत गुठळी झाली त्यांच्या नळ्या शोधल्या, आणि प्रत्येकासाठी जोडीला एक असा डॉक्टर ज्याला काहीच झालं नाही, वय तेच, सिगरेटची सवय तीच. ५४३ आणि ५४३. मोजणाऱ्याला पत्ता नाही की कुठली नळी कोणाची.

हार्ट अटॅक आलेल्यांची पातळी १.५१, न आलेल्यांची १.१३. बास एवढाच फरक, अर्ध्या मिलिग्रॅमचाही नाही. पण सीआरपी कमी ते जास्त असे सगळ्यांचे चार भाग केले तर वरच्या भागातल्या माणसाला खालच्या भागातल्यापेक्षा हार्ट अटॅकचा धोका साधारण तिप्पट, पक्षाघाताचा जवळपास दुप्पट. कोलेस्टेरॉल, सिगरेट वगैरे सगळं हिशोबात धरूनही. आणि हे रक्त आजारी पडल्यावरचं नव्हे हं, कित्येकांचं सहा-सहा वर्षं आधीचं, जेव्हा तो डॉक्टर सकाळी उठून दुसऱ्यांना तपासायला जात होता. शिरेतल्या गुठळीशी मात्र याचा काही संबंध निघाला नाही. आणि ज्यांचं सीआरपी वरच्या भागात, त्यांना ॲस्पिरिनचा फायदा सगळ्यात जास्त, हार्ट अटॅक ५६ टक्के कमी, खालच्या भागात फक्त १४. एप्रिल १९९७ मधे न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, रक्त काढल्यानंतर पंधराएक वर्षांनी.

एक गोष्ट सांगून ठेवतो कारण कमेंटमधे कोणीतरी विचारणारच. सीआरपी हा चोर नाही, भुंकणारं कुत्रं आहे. ज्यांच्यात जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी जास्त असतं त्यांना हार्ट अटॅक जास्त येतात असं काही दिसलं नाही. कुत्रं मांजरावरही भुंकतं, दाढ सुजली, सर्दी झाली तरी आकडा वाढतो, म्हणून १० च्या वर आला तर घाबरायचं नाही, बरं वाटल्यावर परत तपासायचं. १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर जास्त धोका, मधलं मधलं. आणि हो, या टेस्टच्या अशा वापराच्या पेटंटवर त्याच हॉस्पिटलचं आणि रिडकर यांचंही नाव होतं, तेही माहीत असावं.

पुढचं थोडक्यात. २००८ मधे स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या, ज्युपिटर नावाच्या चाचणीचा निकाल आला, १७,८०२ लोक, कोलेस्टेरॉल ठीक पण सीआरपी २ किंवा त्याच्या वर असलेले, तिथेही हार्ट अटॅक, पक्षाघातासारखे मोठे त्रास ४४ टक्के कमी, पैसा औषध कंपनीचा. २०१७ च्या कॅन्टोस नावाच्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसती सूज कमी केली तरी अटॅक कमी झाले पण जीवघेणी इन्फेक्शनं वाढली. आणि ॲस्पिरिन, तिने रक्तस्राव होतो, त्यामुळे साठीनंतर निरोगी माणसाने ती नव्याने सुरू करू नये असं अमेरिकेतले तज्ज्ञ २०२२ पासून सांगतायत, तर हा व्हिडिओ बघून कोणी मेडिकलमधे पळू नका.

(कलेक्शन सेंटर. काका बाही दुमडतात. शेजारी काकू, हातात पर्स घट्ट धरलेली.)

हे काका, वय बावन्न, कंपनीचं चेकअप. पॅकेजमधे हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, म्हणजे तीच बारीक मोजणारी टेस्ट, आहे हे त्यांना आम्ही सांगितलं तेव्हा कळलं.

(निवेदन नाही. सुई. काकूंचा चेहरा. पिवळ्या टोपणाची नळी.)

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येईल. टेस्टला लागलं त्याच्या चौपट तरी रक्त नळीत उरलंय, ते काही दिवस मागच्या साध्या फ्रीजमधे राहील, कोणी पुन्हा मागितलं तर असावं म्हणून. मग लाल पिशवीत.

(लाल पिशवी. गाठ मारणारे हात.)