कानस आणि सपाटी

श्रोतेहो, नमस्कार. हाताने कानस चालवून लोखंडाचा तुकडा अचूक सपाट कसा करावा, याविषयी आज आपण बोलणार आहोत.

कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. म्हणून परतीच्या वेळी दाब काढून घ्यावा. कौशल्य लागते ते दाब दोन्ही हातांत वाटण्याला. सुरुवातीला टोकाकडच्या हाताचा दाब अधिक असावा आणि कानस पुढे सरकेल तसा तो मुठीकडच्या हातावर यावा. तसे न झाल्यास कानस झुलते, कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो.

या कौशल्याचे मोल किती, हे इंग्लंडमधील नामवंत यंत्रनिर्माते हेन्री मॉडस्ले यांच्या हकिकतीवरून कळते आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. अठरा वर्षांचे मॉडस्ले १७८९ च्या सुमारास लंडनमधील कुलूपनिर्माते जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्यात काम मागण्यास गेले. त्यांनी शिकाऊ कारागीर म्हणून रीतसर सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती, त्यामुळे इतर कारागीर त्यांना सामावून घेतील की नाही, अशी शंका तेथील फोरमनला होती. तेव्हा मॉडस्ले यांनीच एका झिजलेल्या शेगड्याकडे, म्हणजे काम जबड्यांत घट्ट पकडणाऱ्या साधनाकडे, बोट दाखवून विचारले, की संध्याकाळी सहाच्या आत हा नव्यासारखा करून दिला, तर माझी परीक्षा झाली असे धराल का? होकार मिळताच त्यांनी कोट उतरवला, हातोडा आणि कानस घेतली, शेगड्याच्या जबड्यांना नवे पोलाद जोडले, ते घासून बसते केले, त्यावर दाते कापले आणि पोलाद पाणी देऊन कठीण केले. सहा वाजण्यापूर्वी तो शेगडा आसपासच्या अनेक शेगड्यांहून उजळ दिसू लागला होता आणि मॉडस्ले यांना काम मिळाले. कारागिराची पारख प्रमाणपत्रावरून न करता अशीच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

पुढे मॉडस्ले यांनी आपल्या कारागिरांच्या बाकांवर कामाची सपाटी तपासण्यासाठी अचूक सपाट धातूचे प्रमाणपट्ट ठेवले. घरी जाड सपाट काचेवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर देऊन त्यावर तुकडा हलकेच फिरवावा. रंग लागेल तो उंचवटा, आणि तेवढाच घासावा. पुन्हा सांगतो, रंग लागेल तेवढाच घासावा. काटकोन मात्र गुण्या लावून, तुकडा उजेडासमोर धरून पाहावा. कानशीच्या दातांत कीस अडकला, तर पृष्ठभागावर खोल ओरखडे उठतात. म्हणून दातांवर आधी खडू घासावा आणि तारेचा ब्रश जवळ ठेवावा. मूठ न बसवलेली कानस कधीही वापरू नये, तिचे मुठीत बसणारे टोकदार शेपूट तळहातात घुसू शकते.