उजेड पोचतो तेवढंच मरतं

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं. विषय ठरलाय 'हॉस्पिटलच्या खोल्यांसाठी अतिनील किरण: कधी, कुठे', तिथे मी येणारच आहे, पण आधी एका खोलीत काय झालं ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या खोलीतच आहे.

मी इन्फेक्शन कंट्रोल बघायचे त्या हॉस्पिटलमध्ये जंतू मारायला यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांचं, मशीन आलं. उभ्या ट्यूब, खाली चाकं, दार लावायचं, बाहेरून बटण दाबायचं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण पंधरा दिवसांत असं झालं की पेशंट डिस्चार्ज झाल्यावर खोली पुसायला मिळणारा वेळ निम्म्यावर आला, का तर आता मशीन आहे ना! ह्याचा मला आजही राग येतो.

मग मी डोस कार्डं आणली, म्हणजे यूव्ही पुरेसं पडलं की रंग बदलणारी. एक बेडवर, एक कॉल बेलच्या मागच्या बाजूला, एक रेलिंगला आतून, आणि एक जेवणाच्या टेबलाच्या खालच्या कडेला, जिथे पेशंट टेबल ओढताना बोटं घालतो. मशीनची फेरी संपली, आत गेलो. बेडवरचं कार्ड पूर्ण बदललेलं. टेबलाखालचं जसंच्या तसं! सफाईच्या मावशी सोबत होत्या, त्या वाकून बघून म्हणाल्या, "मॅडम, त्याला हे दिसलंच नाही की." मी इतकी वर्षं जे शिकवत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मग त्यांनीच बेड भिंतीपासून ओढला, ड्रॉवर उघडे टाकले, टेबल आडवं केलं, कॉल बेल उलटी टांगली, आणि मशीन आधी एका बाजूला नि मग दुसऱ्या बाजूला लावून परत चालवायला लावलं. ह्यावेळी चारही कार्डांचा रंग बदलला.

आणि हे काही नवीन नाहीये बरं का. 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट ह्या दोघांनी उन्हात जंतू वाढत नाहीत हे दाखवलं ते कसं, तर काही नळ्या उघड्या उन्हात ठेवल्या आणि काहींना शिशाचा पत्रा गुंडाळला. उघड्या नळ्या स्वच्छ राहिल्या, झाकलेल्या गढूळ झाल्या. म्हणजे पहिल्या प्रयोगातच सावली होती, आणि आपण मशीन घेताना नेमकी तीच विसरतो.

दहाच मिनिटं राहिलीत म्हणतायत, तर भराभर सांगते. नेहमीच्या पाऱ्याच्या दिव्यातून 254 नॅनोमीटरचे किरण येतात, त्यांनी जंतूच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात आणि त्याला स्वतःची कॉपी काढता येत नाही. पण अंतर दुप्पट झालं की ढोबळमानाने डोस पाव होतो, 1 मीटरच्या मानाने 3 मीटरवर तर नववा हिस्सा. रक्ताचा किंवा धुळीचा थर असेल तर खालचा जंतू सुखरूप. म्हणून आधी पुसायचं, मग यूव्ही, उलटं कधीच नाही.

उपयोग होतो का? होतो, मी विरोधात अजिबात नाहीये. 2017 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 9 हॉस्पिटलांचा अभ्यास आला. आधीच्या पेशंटला चिवट जंतू होते अशा खोलीत नेहमीच्या जंतुनाशकाने सफाई करून वर यूव्ही दिलं, तर पुढच्या पेशंटमध्ये ते जंतू सापडण्याचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांनी घटलं. मात्र सी. डिफ, म्हणजे जुलाब करणाऱ्या एका जंतूच्या पेशंटच्या खोल्या आधीच ब्लीचने पुसल्या जात होत्या तिथे यूव्हीने काही फरक पडला नाही. दोन्ही निकाल सांगा, एकच सांगून मशीन विकू नका.

तर कुठे वापरायचं? आयसोलेशनची खोली, आयसीयू, पेशंट डिस्चार्ज झाल्यावर, रिकामी असताना. माणूस आत असताना 254 चालवायचं नाही, डोळे आणि कातडी भाजते. खिडकीची साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे दार घट्ट लागलं की बाहेरच्यांना भीती नाही. दिवा निळा दिसतोय म्हणजे काम करतोय असंही नाही, तास भरत जातात तसं यूव्ही कमी होतं आणि निळा उजेड तसाच दिसत राहतो, मीटरने मोजा. आता 222 नॅनोमीटरचे दिवेही आलेत, ते कातडीत खोल शिरत नाहीत, पण टेबलाच्या खाली तेही वळून जात नाहीत.

कार्डं मी आणलीयेत, दाराजवळ ठेवलीत, जाताना घेऊन जा. आणि पहिलं कार्ड टेबलाच्या खालच्या बाजूला लावा.