वादी रमच्या वाळूतून पेट्राकडे

श्रोतेहो, नमस्कार.

जॉर्डनच्या दक्षिणेला जाणारा प्रवासी बहुधा पेट्रा हे खडकात कोरलेले प्राचीन शहर पाहायला जातो आणि सवड उरलीच तर वादी रमच्या वाळवंटात एखादी रात्र काढतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी दोन-तीन दिवस वादी रममध्ये पायी हिंडावे आणि मग तेथूनच मोटारीने दिवसभराच्या फेऱ्या करून प्राचीन स्थळे पाहावीत. कारण रोजचे तीन-चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर वाहिलेल्या माणसाचे लक्ष तेथे निराळ्याच गोष्टींकडे जाते.

वादी रमचे उभे कडे वालुकाश्माचे असून त्यांच्या तळाशी ग्रॅनाइट आहे. पावसाचे पाणी वालुकाश्मात झिरपत उतरते, ग्रॅनाइटपाशी अडते आणि दोन खडकांच्या सांध्यावर झरा होऊन बाहेर पडते. उघड्या उतारावर मध्येच हिरवळीची रेघ दिसली की तेथे पाणी असणार, हे दुसऱ्या दिवसापासून वाटाड्याने न सांगताही उमगू लागते. जबल रम या डोंगराच्या पायथ्याशी नबाती लोकांनी, म्हणजे पेट्रा वसवणाऱ्या प्राचीन अरबांनी, मंदिर उभारले, तेही अशा झऱ्यांच्या आसऱ्यानेच.

ही नजर घेऊन पेट्राला जावे. अंतर सुमारे शंभर किलोमीटर असल्याने पहाटे निघणे बरे. सुमारे १.२ किलोमीटर लांबीच्या सीक नावाच्या चिंचोळ्या घळीतून चालताना बहुतेकांचे डोळे पुढे दिसणाऱ्या खझने या खडकात कोरलेल्या वास्तूच्या दर्शनी भागाकडे लागलेले असतात. तो आहेच भव्य; त्याच्या माथ्यावरील दगडी कलशात खजिना असल्याच्या समजुतीने झाडलेल्या गोळ्यांच्या खुणाही दिसतात. परंतु घळीच्या भिंतींत पाणी वाहून नेण्यासाठी कोरलेल्या पन्हळी आणि मातीच्या नळांसाठी केलेल्या खोबणी मला अधिक थक्क करतात. तहानलेले शहर वसवणाऱ्यांना पुराचेही भय होते, म्हणून सीकच्या तोंडाशी बंधारा घालून लोंढा खडकात खोदलेल्या बोगद्यातून बाजूला वळवलेला होता. १९६३ साली अचानक आलेल्या पुरात येथे वीसहून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यामुळे आकाश भरून आले असता कोणत्याही घळीत शिरू नये, मग वाटाडा सोबत असो वा नसो.

दुसरी फेरी हुमैमा या प्राचीन नबाती गावाच्या अवशेषांची. येथे गर्दी नाही आणि छायाचित्रासाठी भव्य असेही फारसे काही नाही. पुढे ७५० साली खिलाफत हाती घेणारे अब्बासी घराणे येथे राहत होते, हे ठाऊक नसेल तर निम्मे प्रवासी गाडीतून उतरणारही नाहीत. पण नबाती लोकांनी दूरच्या झऱ्यांचे पाणी सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या दगडी पाटांनी या उजाड पठारावर आणले आणि पावसाचा प्रत्येक ओघळ साठवण्यासाठी टाकी खोदली. त्यांतील काही टाक्यांवर अलीकडच्या काळापर्यंत बेदुईन मेंढपाळ आपली जनावरे पाण्यावर आणत.